जंगल लहान, जागल मोठी

देवळीपासून दुचाकीनं दोन तासांवर वाघाचं जंगल आहे. सफारी करून आपण तीन-चार तासांत परत फिरतो. त्या जंगलाच्या शेजारची गावं मात्र रात्रभर जागी असतात. बोर व्याघ्र प्रकल्प आणि त्याच्या भोवतालच्या गावांतला एक दिवस.

देवळीत कुणालाही विचारून बघा, "जंगल बघायला कुठं जायचं?" उत्तर ठरलेलं आहे. ताडोबा. नाही जमलं तर पेंच. थंड हवा पाहिजे असेल तर चिखलदरा. बोरचं नाव निघालंच तर, "ते धरण आहे तिकडं ना?" एवढंच. आपल्याच जिल्ह्यात वाघ आहे, साठेक किलोमीटरवर आहे, आणि आपण मात्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या गेटचं बुकिंग मिळावं म्हणून वाट बघत बसतो.

त्यात आपली चूक तरी काय म्हणा! देवळीच्या आसपास जंगल म्हणावं असं फारसं नाहीच. नजर जाईल तिथवर काळी सपाट जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. धुऱ्यावर चार बाभळी आणि एखादं कडुनिंब. त्यामुळे जंगल म्हटलं की ते लांबच असणार, मोठंच असणार, आणि तिथं जायला सुट्टी आणि पैसे दोन्ही लागणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. बोर यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. ते जवळ आहे आणि लहान आहे.

किती लहान? बोरचा गाभा, म्हणजे वाघासाठी राखून ठेवलेला आतला भाग, १३८ चौरस किलोमीटरचा. कागदावर बारा किलोमीटर लांब आणि बारा किलोमीटर रुंद असा चौकोन काढा. बोर त्याच्यापेक्षाही थोडं कमी भरतं. देवळी ते वर्धा हा आपला रोजचा रस्ता त्या चौकोनाच्या एका बाजूपेक्षा लांब आहे! ताडोबाचा नुसता गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा आहे, हे कळलं की फरक लक्षात येतो.

१९७० मध्ये बोर अभयारण्य झालं तेव्हा ते जेमतेम ६१ चौरस किलोमीटरचं होतं. पुढे त्याला शेजारचं जंगल 'नवीन बोर' आणि 'विस्तारित बोर' म्हणून जोडलं गेलं. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं, मेळघाट, ताडोबा, पेंच, सह्याद्री आणि नवेगाव-नागझिरा यांच्यानंतरचा राज्यातला सहावा. जाहीर झाला तेव्हा तो देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता. नंतर आसामचं ओरांग या यादीत आलं, त्याचा गाभा बोरपेक्षाही लहान आहे. पण बोरची 'सर्वांत लहान' ही ओळख चिकटली ती चिकटलीच.

आता दुसरा आकडा बघा, कारण खरी गोष्ट त्यात आहे. या गाभ्याभोवतीचा बफर ६७८ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे आतल्या जंगलाच्या जवळपास पाचपट. आणि बफर म्हणजे काही नुसती झाडं नाहीत. त्यात जंगलाचे तुकडे आहेत तशी वावरं आहेत, नाले आहेत, शाळा आहेत, देवळं आहेत, गावं आहेत. नर वाघाला त्याचं म्हणून जे क्षेत्र लागतं, ते बऱ्याचदा पन्नास ते शंभर चौरस किलोमीटरच्या घरात असतं. १३८ मध्ये असे किती नर राहतील? बाकीचे जाणार कुठं? उत्तर सरळ आहे. ते गावांच्या शिवारात जाणार.

म्हणूनच बोर बघायचं तर दोन्ही बघायचं, असं ठरवून मी आणि माझी मैत्रीण निघालो. सकाळी सफारी, दुपारनंतर गाव.

सेलूच्या पुढं रस्ता वर चढतो

रस्ता सोपा आहे. देवळी, वर्धा, मग नागपूर रोडनं पवनार, धाम नदीवरचा पूल आणि पुढे सेलू. सेलू तालुका एकेकाळी केळीच्या बागांसाठी ओळखला जायचा. सेलूहून हिंगणीकडं वळलं की बदल सुरू होतो. आपल्याकडची सपाट जमीन इथं हळूहळू उचलली जाते, टेकड्या दिसायला लागतात. सातपुड्याचे फाटे जिल्ह्याच्या उत्तर भागात असे उतरलेत. हिंगणीच्या पुढं बोरधरण. १९६५ मध्ये बोर नदीवर हे मातीचं धरण बांधलं, आणि त्याच्या पाण्याला लागूनच जंगल आहे. पाणी आणि जंगल असं एकमेकांना खेटून असलं की प्राणी टिकतात. बोर एवढुसं असूनही वाघ धरून आहे, त्यात या पाण्याचा वाटा मोठा.

थंडीत पहाटे जिप्सीत बसायचं म्हणजे दात वाजतात. कानटोपी, शाल, जे असेल ते घेऊन जा. आमच्यासोबतचा गाईड बाजूच्याच गावातला, आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. सुरुवातीला त्याला सगळे 'सर' म्हणत होते. अर्ध्या तासात तो 'दादा' झाला.

बोरचं जंगल पानगळीचं. साग सगळ्यांत जास्त. मध्ये मध्ये ऐन, तेंदू, धावडा, मोह, सालई, नाल्याकाठी बांबू. पावसाळ्यानंतर इथं गवत कमरेएवढं असतं, चार हातांवर बसलेला प्राणी दिसत नाही. जसजसा उन्हाळा जवळ येतो तसतसा साग पानं टाकतो, गवत वाळतं, पाणवठे आटत जातात, आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी यायला लागतात. म्हणून वाघ बघायचा तर एप्रिल-मे आणि जंगल बघायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी, असं दादाचं म्हणणं.

त्यानं आम्हाला जंगल ऐकायला शिकवलं. चितळाची शिट्टीसारखी तीक्ष्ण हाक आली की थांबायचं. झाडावरचं वानर खोकल्यासारखा आवाज काढतंय का ते बघायचं. ते वरून बघतं, त्यामुळे त्याला आधी दिसतं. सांबर ओरडलं तर मग नक्की काहीतरी आहे. चितळ एखादवेळी उगाच घाबरतं, सांबर सहसा नाही. रस्त्यावरच्या मऊ धुळीत त्यानं एक ठसा दाखवला. पंजा लांबट असेल तर मादी, चौकोनी वाटला तर नर. हा चौकोनी होता. रात्रीतून गेलेला.

वाघ दिसला नाही. सांबर दिसलं, चितळांचा कळप दिसला, एक रोही धावत रस्ता ओलांडून गेला. जिप्सीतल्या मागच्या सीटवरचे एक काका गेटवर उतरताना म्हणाले, "पैसे वाया गेले." दादा काहीच बोलला नाही. पण नंतर टपरीवर चहा पिताना म्हणाला, "लोकाईले वाघ पायजे. आमच्या गावात लोक म्हणते, आज नोको दिसू बाप्पा."

या एका वाक्यासाठी साठ किलोमीटर जायला हरकत नाही.

सेलिब्रिटी वाघ आणि शेजारी वाघ

आपल्या पिढीनं वाघाला सेलिब्रिटी करून टाकलंय. त्यांना नावं आहेत, फॅन आहेत, रील आहेत. बोरमध्ये 'कतरिना' नावाची वाघीण प्रसिद्ध होती. 'बाजीराव' नावाचा रुबाबदार नर होता. लोक त्यांच्यासाठी बोरला यायचे.

हे वेड किती टोकाला जातं ते ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ फिरला, लोक संतापले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सफारीत मोबाइल नको, हा मुद्दा त्यानंतर जोरात पुढं आला. एका फोटोसाठी आपण काय करतो, ते त्या व्हिडिओत सगळ्यांना दिसलं.

गावात मात्र वाघाला नाव नसतं. 'तो' असतो. "तो काल नाल्याकडून गेला", "त्यानं परवा गोऱ्हा मारला". शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलणं.

दुपारी आम्ही दादाच्या ओळखीनं एका लहान गावात गेलो. पन्नास-साठ घरं, एक शाळा, एक मारुतीचं देऊळ. कापूस वेचणी चालू होती. तूर शेंगांनी लदबदलेली, हरभरा फुलावर. आपल्या देवळीतलंच गाव वाटावं. फरक एवढाच, की बऱ्याच वावरांना जुन्या साड्यांचं कुंपण. लाल, हिरव्या, पिवळ्या, एकीला दुसरी बांधलेली. लांबून बघितलं तर जत्रा असल्यासारखं दिसतं. वाऱ्यानं साडी हलली की डुक्कर बिचकतं, म्हणून हा उपाय. तो चार-आठ दिवस चालतो. मग डुकरांना कळतं.

जिच्या घरी आम्ही जेवलो त्या काकूंनी आल्या आल्या विचारलं, "दिसला का वं माय?"

"नाही दिसला काकू."

"बरं झालं. तुमाले नाही दिसला म्हणजे तो तिकडंच हाये."

जेवायला भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. जेवताना आम्ही आपले वाघाबद्दल विचारत होतो आणि काका सारखे डुकराबद्दल बोलत होते. शेवटी म्हणाले, "वाघ काही रोज येत नाही. डुक्कर रोज येते. रोही रोज येते. वाघ एक ढोर नेते, डुक्कर अख्खं वावर नेते."

हे देवळीकरांना वेगळं सांगायला नको. डुक्कर आणि रोही आपल्याही शिवारात आहेत. फक्त आपण रात्री वावरात जाताना सापाची भीती बाळगतो, आणि इथं त्यात वाघाचीही भर पडते.

जागल

'जागल' हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होता. पीक उभं असताना रात्रभर वावरात जागायचं. बोरच्या भोवती तो शब्द अजून रोजच्या वापरात आहे. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. घोंगडी, टॉर्च, एक रिकामा डबा आणि काठी घेऊन वावरात जायचं. मचाणावर बसायचं. खाली शेकोटी. तासा-दीड तासानं डबा बडवायचा, आरोळी द्यायची. शेजारच्या वावरातून आरोळीला आरोळी आली की समजायचं, तो पण जागा आहे. कधी सुतळी बॉम्ब. असं पेरणीनंतर काही दिवस, मग कणसं आणि शेंगा भरताना, मग हरभरा-गव्हाच्या दिवसांत. सकाळी सहाला घरी यायचं आणि नऊला परत वावरात कामाला.

काकांचा मुलगा एकवीस वर्षांचा. आमच्याच वयाचा म्हणायचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पुस्तक घेऊन मचाणावर जातो. "डोक्यावरची बॅटरी लावून वाचतो," तो हसत म्हणाला. "पण वाचता वाचता कान तिकडंच असते." त्याची बहीण बारावीला आहे, सेलूला जाते. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, म्हणून शेवटच्या एसटीआधीची एसटी धरायची असा घरचा नियम. जादा तास असला तर तो बुडतो. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता झाडीतून आहे, आणि त्या रस्त्यावर तिला घ्यायला रोज कुणीतरी यावं लागतं.

व्याघ्र प्रकल्पाचा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सरकारी बजेट येतं. या घरातला खर्च कुठल्या बजेटमध्ये लिहितात? दादाची झोप आणि ताईचा जादा तास, याला रकाना नाही.

नुकसानभरपाई आहे, हे खरं. पिकाचं नुकसान झालं, जनावर मारलं गेलं तर पंचनामा करून रक्कम मिळते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर २०२३ पासून राज्यात वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे. तिच्यातून जंगलालगतच्या गावांना गॅस, सौरदिवे, सौरकुंपणासाठी अनुदान अशी मदत मिळते. गॅस आला तशा बायकांच्या जंगलातल्या सरपणाच्या फेऱ्या कमी झाल्या, हे काकूही मान्य करतात. पण पंचनामा दिवसा होतो. डुक्कर रात्री येतं. रोजचं अर्धं-पाव नुकसान कुणी लिहून घेत नाही, आणि त्यासाठी दरवेळी अर्ज घेऊन तालुक्याला जाणंही परवडत नाही.

तारेत सोडलेला करंट

जागलीला थकलेला माणूस मग सोपा उपाय शोधतो. इथं दोन तारा आहेत आणि त्यांच्यातला फरक समजून घ्यायला हवा.

एक आहे सौरकुंपण. गावात त्याला 'झटका मशीन' म्हणतात. सौर पॅनलवर बॅटरी चार्ज होते, मशीन तारेत क्षणभराचा झटका सोडतं, थांबतं, पुन्हा सोडतं. झटका जोराचा असतो पण क्षणापुरता, त्यामुळे प्राणी दचकून मागं फिरतो, मरत नाही. दुसरी तार म्हणजे घरच्या किंवा खांबावरच्या लाइनवरून आकडा टाकून सरळ वावराभोवती फिरवलेली. तिच्यातला करंट थांबत नाही. जो चिकटला तो गेला. डुक्कर, वाघ, बैल, आणि कधी त्याच शेतकऱ्याच्या घरातलं माणूसही. हे बेकायदा आहे. तरी विदर्भात दरवर्षी अशा तारेनं प्राणीही मरतात आणि माणसंही.

बोरच्या बाबतीत याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडं पकडलेली एक वाघीण जुलैअखेर रेडिओ कॉलर लावून बोरमध्ये सोडली. तिचा नंबर टी-२७ सी-१. ती इथं थांबलीच नाही. अडीच महिन्यांत सुमारे पाचशे किलोमीटर चालली. वावरं, रस्ते, गावं ओलांडत. तिच्या हल्ल्यात माणसं गेली, गावागावांत दहशत पसरली, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पण गोळीची वेळच आली नाही. ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात वावराच्या कुंपणातल्या विजेच्या धक्क्यानं ती मेली. तार तिच्यासाठी लावलेलीच नव्हती. अशा तारा डुकरांसाठी असतात.

त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी बाजीराव गेला. नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ रात्री गाडीनं उडवला. ज्याला बघायला लोक पैसे भरून बोरला यायचे, तो रस्ता ओलांडताना मेला.

या दोन्ही घटना बोरच्या गाभ्याबाहेरच्या आहेत. वाघ आत जगला आणि बाहेर मेला. लहान जंगलाचं हेच आहे. त्याचं भवितव्य त्याच्या हद्दीत ठरत नाही. बोरमधून बाहेर पडणाऱ्या वाघाला पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, मेळघाट अशा दिशा आहेत, पण मधली वाट माणसांच्या गावांतून जाते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला तेव्हा त्यावर प्राण्यांसाठी खालून आणि वरून वाटा ठेवल्या. चांगलंच झालं. पण वावरातून जाणारी वाट कुणी ठेकेदार बांधून देत नाही. ती शेतकऱ्यानंच मोकळी ठेवायची असते, स्वतःच्या पिकाची किंमत मोजून.

उठून गेलेलं गाव, अडलेली गुरं

बोरच्या आत पूर्वी नवरगाव नावाचं गाव होतं. त्याचं पुनर्वसन झालं, माणसं बाहेर आली आणि ती जागा प्राण्यांना मोकळी मिळाली. केंद्राच्या नियमानुसार गाभ्यातून उठणाऱ्या कुटुंबाला पूर्वी १० लाख रुपये मिळायचे, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. नाहीतर वनविभागानं घर, जमीन, सोयींसह नवीन गाव वसवून द्यायचं, असा दुसरा पर्याय असतो. आपण सफारीत एखादं मोकळं माळरान बघून 'वा, काय व्ह्यू आहे' म्हणतो. अशा ठिकाणी कुणाचं तरी घर होतं, हे ध्यानात असलेलं बरं.

जे उठले नाहीत त्यांचा प्रश्न गुरांचा. गवळाऊ ही आपल्या वर्धा जिल्ह्याची ओळख असलेली गाय. पांढरी, चपळ, बैल धावायला दमदार. आर्वी-कारंजाच्या डोंगरपट्ट्यातल्या नंदगवळी समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. ती जपली कशावर? जंगलातल्या चराईवर. गाभ्यात चराई बंद झाली की गुरं बांधून ठेवावी लागतात, चारा विकत घ्यावा लागतो, आणि मग एकेक गाय कमी होते. वाघ वाचवायचा आणि गवळाऊही वाचवायची, तर दोघांचा चारा-पाण्याचा विचार एकत्रच करावा लागेल. वर्ध्याला पाहुणा आला की आपण कौतुकानं गोरसपाक देतो. ज्या गाईंमुळे हा जिल्हा दुधातुपासाठी ओळखला गेला, त्या गाई आता कुठं चरतात, हेही विचारायला हवं.

इंग्लंडमधली राई आणि आपलं बोर

यूट्यूबवर इंग्लंडमधल्या खेड्यांचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. गावाला लागून लहानशी राई, तिच्यातून पायवाट, हातात थर्मास घेऊन निवांत चाललेले आजी-आजोबा, सोबत कुत्रं. तिथं खासगी वावरातून जाणाऱ्या कित्येक पायवाटांवरूनही लोकांना चालण्याचा कायदेशीर हक्क आहे. बघून हेवा वाटतो. आपल्याला बोरमध्ये जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही.

पण ती राई एवढी निवांत का आहे? कारण तिथले लांडगे आणि अस्वलं कित्येक शतकांपूर्वीच संपली. जंगल उरलं, त्यातली भीती गेली. आपल्याकडं १३८ चौरस किलोमीटरात वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे सगळे आहेत, आणि त्यांच्या शेजारी माणसंही आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी असं जमलेलं आहे. आणि ते आपोआप जमलेलं नाही. कुणीतरी रात्री जागतंय म्हणून जमलंय.

आम्हाला जागल बघायची होती. काकांनी साफ नाही म्हटलं. सूर्य टेकडीला टेकला तशी त्यांनी आमची गाडी सुरू करून दिली आणि म्हणाले, "अंधाराच्या आत सेलू गाठा. इथं आमी हाओ." त्यांचा मुलगा तेवढ्यात डबा आणि पुस्तक घेऊन वावराकडं निघाला होता.

मग आपण काय करायचं?

बोरला जायचं. हे पहिलं. ताडोबाला जाऊ नका असं कुणी म्हणत नाही, पण आपल्या जिल्ह्यातल्या जंगलात पर्यटक आले तर तिथल्या पोरांना गाईड, जिप्सी चालक म्हणून काम मिळतं. वाघ जिवंत असण्यात ज्याचा रोजगार आहे, तो आकडा टाकताना दहादा विचार करतो, आणि शेजाऱ्यालाही टाकू देत नाही.

दुसरं, नुसती सफारी करून परतू नका. जेवण गावातल्या कुणाकडं सांगा. मध, डाळ, तीळ, जे घरचं असेल ते विकत घ्या. दोन तास बसून बोला.

तिसरं आपल्यातल्या इंजिनीअरिंग, कृषी आणि सोशल वर्कच्या मित्रांसाठी. झटका मशीन बिघडलं की दुरुस्त करणारा गावात मिळत नाही. सौरकुंपणाचा अर्ज कसा भरायचा, पंचनाम्याला काय काय कागद लागतात, हे एका पानात सोप्या मराठीत लिहून देणारं कुणी नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून विषय शोधण्यापेक्षा हा विषय काय वाईट आहे? अंधारानंतर फाट्यापासून गावापर्यंत मुलींना सुरक्षित पोचवणारं वाहन, हाही एक प्रोजेक्टच.

आणि शेवटचं. वाघ दिसला नाही म्हणून 'पैसे वाया गेले' असं म्हणू नका. तो आपल्याला दिसला नाही म्हणजे बहुतेक तो जंगलात आहे. त्या रात्री शेजारच्या गावात कुणीतरी जरा कमी घाबरून जागलीला गेलं असेल.

जायचं असेल तर

कसं जाल : देवळी–वर्धा–पवनार–सेलू–हिंगणी–बोरधरण. एसटीनं जायचं तर वर्धा किंवा सेलूहून हिंगणीकडच्या गाड्यांची चौकशी करा. परतीची वेळ आधी विचारून ठेवा.

केव्हा : पावसाळ्यात सफारी बंद असते. थंडीत जंगल हिरवं आणि सुंदर, उन्हाळ्यात प्राणी दिसण्याची शक्यता जास्त.

बुकिंग : वनविभागाच्या संकेतस्थळावरून. ओळखपत्र सोबत ठेवा. साप्ताहिक सुट्टीचा वार बघूनच दिवस ठरवा.

विशेष : बुद्ध पौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याचा उपक्रम होतो. आधी नाव नोंदवावं लागतं. रात्रभर जागं राहणं म्हणजे काय, ते एकदा कळेल.

वाटेत : पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम आणि सेलूच्या पुढं केळझरचा गणपती.

काय टाळाल : भडक कपडे, मोठा आवाज, प्लास्टिक, आणि गाईडला 'अजून थोडं जवळ घ्या ना' असा आग्रह.